पेशंट नकली, संशय अस्सल

टाके घालायला शिकणाऱ्या डॉक्टरला आधी रबराची नकली कातडी मिळते. मानसोपचार शिकणाऱ्याने हात कशावर बसवायचा? संशयाने पछाडलेल्या माणसाशी एक शब्द वेडावाकडा गेला, की तो मिटलाच. यावर संगणकवाल्यांनी काढलेल्या युक्त्या एकाहून एक आहेत.

सुरुवात मात्र उलटी झाली: संगणक आधी डॉक्टर बनला. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलायझा’ जगासमोर आणली. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हालाच प्रश्न विचारायचा, एवढीच तिची विद्या. समजत काडीचंही नव्हतं. तरीही वायझेनबाऊम यांच्या सेक्रेटरीबाई तिच्याशी बोलण्यात इतक्या रंगल्या, की त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! (नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधलं. म्हणजे ‘ती फुलराणी’तल्या आपल्या मंजुळेची ही थोरली बहीणच.)

मग १९७२च्या सुमारास स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी संगणकाला थेट पेशंट केलं. नाव ‘पॅरी’. वय २८, लग्न झालेलं नाही, पोस्टात कारकून, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन. एका बुकीशी वाजलं आणि आता गुंडांची टोळी आपल्या मागावर आहे, अशी त्याची पक्की खात्री. आत भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे सतत वरखाली व्हायचे. गोडीत विचारलं तर गडी हळूहळू शर्यतींच्या गोष्टी सांगणार, टोचून बोललात तर फणकारणार. डॉक्टरचं बोलणं कुठे बिघडलं, ते उत्तरातच कळायचं.

पॅरीच्या आणि खऱ्या रुग्णांच्या मुलाखतींचे कागद ३३ मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवले आणि विचारलं, यातलं यंत्र कोण? बरोबर उत्तरं आली ४८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. माझ्या मते यात अर्धं श्रेय आजाराच्या निवडीला आहे. संशयी माणूस प्रश्न टाळतो, विषय बदलतो, तिरकं बोलतो. यंत्राला काही कळलं नाही तरी ते नेमकं हेच करतं. अडाणीपणा झाकायला याहून चांगली भूमिका कुठली?

१९७२ सालीच अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, पॅरीची गाठ एलायझाच्या डॉक्टरी अवताराशी घालून दिली. एक बुकी आणि टोळीचं दुखणं सांगतोय, दुसरी ‘असं का वाटतं?’ छापाचे प्रश्न विचारतेय. शेवटी डॉक्टरने बिल फाडलं: ३९९ डॉलर २९ सेंट!

पुढे प्रश्न आला, की पेशंटला जे ऐकू येतं, दिसतं, ते डॉक्टरला कसं कळणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले पीटर यलोलीज आणि जेम्स कुक यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात मनोरुग्णांचा एक वॉर्डच उभारला. अनुभव खऱ्या रुग्णांना विचारून घेतलेले. तुम्ही आत शिरता. भिंतीवरच्या पोस्टरवरची अक्षरं बघता बघता शिव्यांमध्ये बदलतात. पायाखालची फरशी नाहीशी होते, खाली ढग. टीव्हीवरचा पुढारी भाषण करता करता तुम्हालाच मरायला सांगू लागतो. आणि आवाज पाठ सोडत नाहीत. २००६ साली त्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्नावली भरून देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी भास म्हणजे काय ते आता जास्त कळलं, असं सांगितलं. वाचून कळणं वेगळं, घाम फुटून कळणं वेगळं.

आता पेशंटच्या भूमिकेत चॅटजीपीटीच्या जातीची मॉडेल्स उतरली आहेत. अमेरिकेतल्या एलजीबीटीक्यू तरुणांसाठीच्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’च्या हेल्पलाइनवर २०२१ साली नवे समुपदेशक आधी ‘रायली’ नावाच्या आभासी किशोरवयीन व्यक्तिरेखेशी चॅट करून सराव करू लागले. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०२४ साली ‘पेशंट-साय’ मांडलं, त्यात तर पेशंटचा स्वभाव निवडायची सोय आहे: चिडका, घुमा, पाल्हाळ लावणारा, भलतीकडे भरकटणारा, मर्जी राखणारा, नाहीतर सरळसाधा. गप्पा झाल्या की त्याच्या मनात काय चाललंय ते शिकाऊ थेरपिस्टने लिहून काढायचं आणि ज्यावरून तो पेशंट घडवला त्या मूळ आराखड्याशी ताडून बघायचं. लोक चिडक्याला घाबरत असतील. मला विचाराल तर यात सगळ्यात छुपा रुस्तम तो मर्जी राखणारा. ‘हो डॉक्टर, बरोबर डॉक्टर, आता बरंच बरं वाटतंय डॉक्टर’ म्हणत तो अख्खी मुलाखत गुंडाळतो, आणि आराखड्याचे रकाने कोरेच राहतात.