खापरी नळ, अहमदनगरचे

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहरास पाणी पुरविणाऱ्या निजामशाहीकालीन (१४९०–१६३६) भुयारी जलवाहिन्या. खाणींतील नकोसे पाणी उतरत्या बोगद्याने बाहेर काढण्याच्या युक्तीतून इराणमधील ‘कनात’ ही जलवहनपद्धती उदयास आली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. खापरी नळ हे त्याच परंपरेतील होत. कापूरवाडी, शेंडी, भिंगार, नागापूर इ. गावांच्या परिसरातील पाणी भाजलेल्या मातीच्या, चुन्याच्या बांधकामात बसविलेल्या नळांतून केवळ उताराने शहरातील हौदांत येई. कोंडलेली हवा निघून जावी व सफाई करता यावी, यासाठी मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधीत. पाणी उपसावे लागत नसे. मात्र गाळ काढणे थांबल्यास नळ तुंबत. त्यामुळे या योजनेचे आयुष्य बांधणीइतकेच देखभालीवर अवलंबून होते.