लो-कार्ब सीरियल, व्हाया लक्ष्मीपुरी!

‘सीरियल’ म्हटलं की आमच्या आईला संध्याकाळी साडेसातची आठवते. त्यामुळे रविवारी सकाळी तिचा फोन आला आणि मी “मॉलमध्ये सीरियल बघतेय” असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “घरात टीव्ही हाय की! तिकडं कशाला गेलीस?”

मी बघत होते ती डब्यातली सीरियल. कॉर्नफ्लेक्स, मुसली, ओट्स, ग्रॅनोला, नाचणी फ्लेक्स... एका भिंतीभर नुसते डबे! आणि मला त्यातला एकच डबा हवा होता. लो-कार्बवाला.

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. वय ३१, एचबीएवनसी ६.१. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी हिशेब सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. थोडक्यात, पाहुणा अजून घरात आलेला नाही, पण दारात चप्पल काढून उभा आहे! बाबांना गेली चौदा वर्षं डायबेटिस आहे. त्यांच्या गोळ्यांचा डबा मीच भरते. त्यामुळे रिपोर्ट बघून पोटात गोळाच आला.

आणि ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. आयसीएमआरनं देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक माझ्यासारखे दारातल्या पाहुण्यासोबत राहतात. खुर्चीत बसून आठ-नऊ तास काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे आकडे वाचायलाच हवेत.

डॉक्टर म्हणाले, “वजन थोडं कमी कर, चाल, आणि ताटातले कार्ब्ज उतरव.” दुपारचा डबा जमला. भात निम्मा केला, भाजी-आमटी वाढवली. रात्रीचंही जमलं. अडलं ते सकाळच्या नाष्ट्यापाशी. नऊचं ऑफिस, हातात दहा मिनिटं. पोहे, उपमा, शिरा, पाव... जिकडे बघावं तिकडे कार्ब्जच! म्हणून म्हटलं, वाटीत ओतायचं आणि खायचं, असं काहीतरी शोधूया.

पुढून शोभा, मागून आकडे

डब्याच्या पुढच्या बाजूला सगळेच हिरो असतात. ‘मल्टिग्रेन’, ‘हाय फायबर’, ‘नो ॲडेड शुगर’, ‘गुडनेस ऑफ हनी’. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ ‘लो-कार्ब’ असा होत नाही. मल्टिग्रेन म्हणजे एकाऐवजी चार धान्यं. नो ॲडेड शुगर म्हणजे वरून साखर घातलेली नाही, पण धान्यातला स्टार्च आहे तिथेच आहे. आणि पोटात गेल्यावर स्टार्चची साखरच होते!

म्हणून मी डबा उलटा केला. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे आकडे असतात. कॉर्नफ्लेक्समध्ये कार्बोहायड्रेट साधारण ८४ ग्रॅम. बहुतेक मुसलींमध्ये ६५ ते ७५. साध्या ओट्समध्ये ६५च्या आसपास. आता लो-कार्बचं गणित बघा. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्ज, अशी त्याची साधारण व्याख्या करतात. तिन्ही जेवणांत वाटणी केली, तर नाष्ट्याच्या वाट्याला ३० ते ४० ग्रॅम येतात. कडक डाएट करणाऱ्यांना तर त्याहूनही कमी.

“मग ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स खा की!” असं तुम्ही म्हणाल. डब्यावरही तेच लिहिलेलं असतं. मी घरी येऊन नेहमीची वाटी भरली आणि वजनकाट्यावर ठेवली. ५५ ग्रॅम! म्हणजे ४६ ग्रॅम कार्ब्ज, वर ग्लासभर दुधाचे आणखी दहा. आणि अकरा वाजता भूक लागली की कँटीनचा वडा आहेच.

गंमत इतिहासातली

कॉर्नफ्लेक्सचं मूळ आहे अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावच्या आरोग्यधामात. तिथल्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांना १८९४च्या सुमारास रुग्णांसाठी पचायला हलका, सौम्य आहार हवा होता. कार्ब्ज कमी करणं हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. त्यांच्या भावानं १९०६ मध्ये कंपनी काढली आणि १९९४ मध्ये ती भारतात आली. आपण काय केलं? सवयीप्रमाणे त्यावर गरम दूध ओतलं! कुरकुरीत फ्लेक्सचा लगदा झाला आणि सुरुवातीला गणित काही जमेना.

मुसलीची गोष्ट तर आणखी मजेशीर. स्वित्झर्लंडचे डॉ. बिर्चर-बेनर यांनी १९००च्या सुमारास ती रुग्णांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा वाटीत मुख्य असायचं किसलेलं सफरचंद. ओट्स जेमतेम चमचाभर, वर थोडे दाणे. आजच्या डब्यात मात्र धान्य झालं हिरो आणि दाणे झाले पाहुणे कलाकार!

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. ‘सीरियल’ या शब्दाचा मूळ अर्थच धान्य. आणि धान्य म्हणजे मुख्यतः स्टार्च. मग ‘लो-कार्ब सीरियल’ शोधणं म्हणजे कोरडा रंकाळा शोधण्यासारखंच की! धान्यातून कार्ब्ज काढता येत नाहीत. वाटी तीच ठेवून आतलं धान्य मात्र बदलता येतं.

नाचणी-ज्वारीचं काय?

हा प्रश्न ऑफिसमध्ये सगळ्यांनीच विचारला. “अगं, नाचणी फ्लेक्स खा, ज्वारीच्या लाह्या खा, ते हेल्दी असतं!” हेल्दी असतंच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ज्वारी-बाजरीत फायबर चांगलं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडा. फायबर सोडूनही ज्वारी आणि नाचणीत १०० ग्रॅमला ६७-६८ ग्रॅम कार्ब्ज आहेत. मैद्यापेक्षा ही धान्यं केव्हाही बरी, पण लो-कार्ब नव्हेत. शिवाय दळून, लाटून, फुलवून त्यांचे फ्लेक्स केले, की ती पचतातही लवकर. दुपारी एक भाकरी जरूर खा, ‘लो-कार्ब’ समजून वाटीभर फ्लेक्स मात्र नकोत.

आणि हो, गूळ! आमच्या कोल्हापूरच्या गुळाचा अभिमान मलाही आहे. पण ‘गुळातला ग्रॅनोला’ रक्तात गेल्यावर साखरेसारखाच वागतो. तिथे अभिमान कामाला येत नाही.

मग ऑनलाइन मिळणारा ‘कीटो ग्रॅनोला’ मागवला. आकडे खरंच कमी होते. पण छोटं पाकीट, चारशे रुपये आणि आठ दिवसांत खल्लास! घटक वाचले तर काय... बदाम, जवस, भोपळ्याच्या बिया, तीळ, खोबरं. आई मागून डोकावली आणि म्हणाली, “ह्ये तर सगळं लक्ष्मीपुरीत मिळतंय की!”

लक्ष्मीपुरीत सापडली सीरियल

शनिवारी आम्ही मायलेकी लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात गेलो. शेंगदाणे, जवस, तीळ, खोबरं हा आपल्याकडचा चटणीचा माल. दर घरात कुठल्या ना कुठल्या बरणीत तो असतोच. आपण तो चमचाभर तोंडी लावतो. मी त्याचीच वाटी करायची ठरवली.

प्रमाण असं: शेंगदाणे ५० ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं. खोबरं सगळ्यात शेवटी, नाहीतर करपतं. जवस मिक्सरमधून जरा बारीक करा, कारण आख्खं जवस बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतं. शेंगदाणे-बदाम जाडसर कुटायचे. चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा दालचिनी. झाली सीरियल!

तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, वाटीभर घट्ट दह्यात घालायचे. दूध नको, दही घ्या. त्यात गोडवा कमी आणि पोटाला आधार जास्त. साखर अर्थातच नाही. वरून हवं तर पेरूच्या दोन-चार फोडी. पेरू सोडला तर या वाटीत कार्ब्ज दहा ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं दहा-अकरा ग्रॅम. सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं की आणखी सहा ग्रॅम प्रथिनं. दुपारी दीडपर्यंत कँटीनची आठवणही येत नाही!

एक लक्षात ठेवा. हा प्रकार लो-कार्ब आहे, लो-कॅलरी नाही. या ३० ग्रॅममध्ये पावणेदोनशेच्या आसपास कॅलरीज आहेत. टीव्हीसमोर बरणी घेऊन बसलात तर वजन उतरायचं सोडून वाढेल. फायबर एकदम वाढलं की पोट कुरकुरतं, म्हणून पाणी भरपूर प्या. आणि तेलबिया लवकर खवट होतात, तेव्हा आठवड्यापुरतंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

बाबांच्या ग्लुकोमीटरवर मी एक प्रयोगही केला. एका सकाळी कॉर्नफ्लेक्स-दूध, दुसऱ्या सकाळी दही आणि घरची सीरियल. दोन्ही वेळा तासाभरानं साखर तपासली. पहिल्या दिवशी १७१, दुसऱ्या दिवशी ११९. माझ्या एकटीचे दोन दिवसांचे आकडे म्हणजे काही संशोधन नव्हे. पण माझी खात्री पटायला तेवढं पुरलं.

आणि मिसळ?

कोल्हापुरात राहून मिसळ सोडायची म्हणजे... नाद करायचा नाही! फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग, ज्याची त्याची श्रद्धा. मी ताटाचा हिशेब मांडला. वाटीभर मटकीच्या उसळीत कार्ब्ज साधारण २० ग्रॅम, सोबत फायबर आणि प्रथिनं. मूठभर फरसाण-शेव, आणखी १५ ग्रॅम. आपल्याकडचे दोन जाड स्लाइस पाव, ३० ग्रॅम किंवा जास्तच. म्हणजे दोष मटकीचा नाहीच! आता मी रविवारी उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, पाव नाही आणि कट हवा तेवढा, अशी ऑर्डर देते. पहिल्यांदा वाढणारे मामा माझ्याकडे बघतच राहिले. आता मला बघितलं की आतमध्ये ओरडतात, “बिनपावाची एक!”

बाबांची गोष्ट

हे लिहिल्याशिवाय लेख संपवणं बरोबर होणार नाही. माझं बघून बाबांनीही सकाळची भाकरी बंद केली आणि ही वाटी सुरू केली. मला कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास आईचा ऑफिसात फोन आला. बाबांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर आकडा ५८. सत्तरच्या खाली साखर जाणं म्हणजे धोक्याची घंटा. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा कुठे सावरले. मी घरी पोचले तेव्हा ते कॉटवर बसून हसत होते. माझे मात्र हातपाय गळाले होते.

चूक त्या वाटीची नव्हती. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन हे नेहमीच्या जेवणाच्या हिशेबानं दिलेलं असतं. जेवणातले कार्ब्ज उतरवले आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर नको तेवढी खाली जाते. डॉक्टरांनी आधी बाबांची गोळी बदलली, मग हळूहळू नाष्टा. आता बाबा निम्मी भाकरी आणि निम्मी वाटी खातात आणि दोघांचं बरं चाललंय. तेव्हा डायबेटिसचं औषध सुरू असेल, किडनीचा त्रास असेल किंवा बाळाची चाहूल असेल, तर आधी डॉक्टर, मग डाएट.

माझं म्हणाल तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आलं. श्रेय एकट्या वाटीचं नाही. निम्मा भात आणि रोज संध्याकाळी रंकाळ्याला मारलेली चक्करही त्यात आहे. पाहुणा अजून दारातच आहे, पण दोन पावलं मागे सरकलाय.

आणि आई? ती आता मैत्रिणींना फोनवर सांगते, “आमच्या पोरीची सीरियल मीच बनवतो!”

डबा घेण्याआधी...

* पुढची बाजू विसरा, मागचा तक्ता वाचा. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, हे आधी बघा.
* घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या तीनात धान्य, साखर, मध किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर डबा परत जागेवर.
* फायबरचा आकडा कार्बोहायड्रेटच्या खाली ‘त्यापैकी’ म्हणून दिला असेल तरच वजा करा. वेगळा दिला असेल तर तो आधीच वजा झालेला असू शकतो.
* तुमची नेहमीची वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवाच. धक्का बसेल!
* ओट्स सोडवत नसतील तर दोन चमचेच घ्या, बाकी वाटी दही आणि दाण्यांनी भरा.