बंदी चिन्हावर, नजर हेतूवर
बर्लिनच्या उत्तरेला, ब्रांडेनबुर्ग राज्यात त्सेर्निको गावाजवळ पाइनचं जंगल आहे. १९३०च्या दशकात कुणीतरी त्यात लार्चची झाडं नाझी स्वस्तिकाच्या आकारात लावली. पाइन बारमाही हिरवा, लार्च मात्र शरदात पिवळा पडतो. त्यामुळे वर्षातले थोडेच आठवडे, तेही आकाशातूनच, हिरव्या रानात पिवळंधमक चिन्ह दिसायचं. ते चर्चेत आलं १९९२ मध्ये. १९९५ साली काही झाडं पाडली, तरी आकृती ओळखू येतच होती. अखेर २००० मध्ये पुन्हा करवत चालवावी लागली.

एका आकाराची एवढी धास्ती का, याचं उत्तर १५ सप्टेंबर १९३५ या तारखेत आहे. नाझी पक्षानं १९२० साली उचललेलं हे चिन्ह असलेला ध्वज त्या दिवशी न्युरेंबर्गमध्ये जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरला. त्याच दिवशी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क गेले आणि हा ध्वज फडकवायलाही त्यांना मनाई झाली. पुढे छळछावण्यांवर फडकला तो हाच ध्वज.

आज जर्मन दंडसंहितेचं कलम ८६-अ अशी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सुनावू शकतं. झेंडे, बिल्ले, गणवेश, सलाम, घोषणा, सगळंच त्यात येतं. ‘एएफडी’ या कडव्या उजव्या पक्षाचे नेते ब्यॉर्न ह्योके यांनी २०२१ मध्ये एका सभेत हिटलरच्या ‘एसए’ या निमलष्करी संघटनेची घोषणा दिली. ती नाझींची आहे हे माहीत नव्हतं, असा त्यांचा बचाव. ह्योके पूर्वी इतिहासाचे शिक्षक होते! २०२४ मध्ये हाल्लेच्या न्यायालयानं त्यांना १३,००० युरोंचा दंड ठोठावला.

कला, संशोधन, अध्यापन, इतिहासाचं वार्तांकन यांना सूट आहे. तरी कायद्यानंही एकदा ठेच खाल्लीच. फुली मारलेलं स्वस्तिक छापलेल्या नाझीविरोधी वस्तू विकल्याबद्दल स्टुटगार्टच्या न्यायालयानं एका विक्रेत्याला दंड केला. मार्च २००७ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयानं तो निकाल फिरवला. विरोध उघड दिसत असेल तर गुन्हा नाही, हे तेव्हा ठरलं. ते आधीच ठरायला हवं होतं.

त्याच वर्षी युरोपभर स्वस्तिकबंदीचा विचार पुढे आला, तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदूंनी आक्षेप घेतला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं यातून चांगली वाट काढली. २०२२च्या कायद्यानं तिथं नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आली, पण हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेतल्या स्वस्तिकाला स्पष्ट मुभा मिळाली. त्यामुळे मेलबर्नच्या मराठी घरात दिवाळीला उंबऱ्यावर स्वस्तिक काढताना कायद्याची भीती नाही. मात्र छळछावणीत आप्त गमावलेल्या कुटुंबातला शेजारी ते पाहून दचकला, तर मनाला लावून घेऊ नका. त्याला घरात बोलवा, फराळाचं ताट पुढे करा आणि आपलं स्वस्तिक काय आहे ते निवांत सांगा.