धूर वगळून निकोटिन

पाणबुडीत सिगारेट पेटवता येत नाही. एरवी झुरके मारणारे स्वीडनचे खलाशी अशा वेळी तंबाखू तोंडात धरून तलफ भागवत. आपल्याकडे गालात बार भरतात, तसंच काहीसं. लुंड विद्यापीठातल्या क्लास लुंडग्रेन यांच्या नजरेत हे भरलं आणि १९६७ मध्ये त्यांनी ते ओव्हे फेर्न्यो या औषधसंशोधकाला पत्रानं कळवलं. तलफ निकोटिनची असेल, तर ते धुराविना का देऊ नये? या प्रश्नातून निकोटिनचं च्युइंगम तयार झालं. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं आणि १९८४ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली.

निकोटिन व्यसन लावतं आणि ते निरुपद्रवीही नाही. पण सिगारेटनं कॅन्सर होतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातल्या विषांमुळे. म्हणून आधी धूर तोडायचा आणि निकोटिन नंतर सावकाश कमी करत न्यायचं, असा हा उपचार आहे.

तो फसतो बऱ्याचदा एका साध्या कारणानं: हे च्युइंगम खायचं कसं, ते कुणी दाखवलेलंच नसतं. माणूस ते नेहमीच्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतो, निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि पाकीट कपाटात पडून राहतं. खरं तर ते चार-सहा वेळा हळू चावायचं, जिभेला मिरमिरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. मिरमिर ओसरली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलायची. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, कारण आंबट पेयं, कॉफी यांच्यामुळे निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. टपरीवर चहाच्या घोटाबरोबर सिगारेट ओढायची सवय असलेल्याला हे सगळ्यात जड जातं, आणि नेमकं तेच त्याला आधी सांगायला हवं.

झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. च्युइंगमला तेवढी घाई नसते. त्यामुळे सुरुवातीला ते कमी पडल्यासारखं वाटतं. दिवसभर संथपणे निकोटिन देणारा पॅच त्वचेवर आणि अचानक तलफ आली की च्युइंगम, अशी जोडी एकट्या उपायापेक्षा जास्त लोकांना तारते, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

ई-सिगारेट झुरक्याची सवयही भागवते. ती २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञानं घडवली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षअखेर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, पॅच-च्युइंगमसारखे उपाय वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. फरक मोठा आहे, पण त्याची दुसरी बाजू विसरू नये: सिगारेट सुटलेल्यांमध्ये पहिल्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, दुसऱ्या गटात आपला उपाय चालू ठेवणारे फक्त ९ टक्के. ब्रिटननं तरीही धूम्रपान सोडण्यासाठी ती स्वीकारली. भारतानं मुलं या नादी लागतील म्हणून २०१९ मध्येच तिच्या विक्रीवर आणि उत्पादनावर बंदी घातली.

त्यामुळे इथल्या माणसाच्या हाती कायदेशीरपणे उरतात ते मेडिकलच्या दुकानातले च्युइंगम, पॅचसारखे उपाय. शिवाय १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. गरोदर बाईनं किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यानं मात्र हे उपाय वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.