टी-पेशींना नवी नजर

रुग्णाचे रक्त नळीतून यंत्रात जाते. यंत्र त्यातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढते आणि उरलेले रक्त परत शरीरात सोडते. कर्करोगावरील कार-टी उपचाराची सुरुवात अशी होते.

पुढचे काम प्रयोगशाळेत. निरुपद्रवी केलेला विषाणू या पेशींत नवे जनुक पोहोचवतो. मग त्यांच्या पृष्ठभागावर जणू एक आकडा उगवतो. तो बी-पेशींवरचे सीडी-१९ हे प्रथिन नेमके पकडतो. अशा कोट्यवधी पेशी वाढवून शिरेतून परत दिल्या जातात आणि त्या कर्करोग झालेल्या बी-पेशींवर तुटून पडतात.

आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत, इतर उपचार थकल्यावर तो दिला जातो. परदेशात यासाठी कोटींचा खर्च येतो, इथे तो लाखांवर आला. सामान्य घराला मात्र तेही अजून झेपणारे नाही.