आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही

स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. सर्व्हिसिंगच्या बिलावर त्याचे पैसे लागले असतील तर नेमकं काय बदललं, हे जरूर विचारावं. या इंजिनाच्या तळाशी तारेची एक जाळी असते आणि क्रँकशाफ्टच्या उजव्या टोकाला, तिच्यासोबतच फिरणारा धातूचा एक पसरट पेला. ऑइल त्या पेल्यात शिरतं, गरगरतं, आणि त्यातले जड कण कडेला फेकले जाऊन भिंतीवर काळ्या चिखलासारखे थापले जातात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल आणि पेल्याची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली, तर त्या भिंतीपाशी कणाला गुरुत्वाच्या सुमारे १२०० पट ओढ बसते. बदलायचा भागच नाही, त्यामुळे खर्चही नाही. मात्र उजवं कव्हर उघडून तो पेला कधीतरी पुसावा लागतो, आणि तेवढंच काम बहुतेक ठिकाणी टाळलं जातं.

या पेल्याला एक मर्यादा आहे. कणाचा व्यास निम्मा झाला, की त्याचा कडेला सरकण्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणून लोखंडाचा ठळक कीस सापडतो, बारीक धूळ ऑइलबरोबर पुढे निघून जाते. स्प्लेंडरला ते परवडतं, कारण तिचा क्रँक गोळ्यांच्या आणि रोलरच्या बेअरिंगांवर फिरतो. पण ज्या इंजिनात गुळगुळीत साध्या बेअरिंगा असतात, तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. सगळ्यात घातक कण तोच, जो या थराच्या जाडीशी मिळताजुळता असतो. मोठा कण फटीत शिरतच नाही, फार लहान असेल तर न घासता निसटतो. अडचण मधल्यांची.

त्यात मोटरसायकलचं ऑइल कारच्या ऑइलपेक्षा जास्त राबतं. मॅन्युअल गिअरच्या कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि क्लच कोरडा. स्कूटरलाही गिअर ऑइल निराळं. बहुतेक मोटरसायकलींत मात्र पिस्टन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात न्हातात. गिअरच्या दातांचा कीस, क्लचप्लेटची झीज, ज्वलनाची काजळी, सगळं एकाच ठिकाणी जमा होतं. बाइकच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलं असतं, ते क्लच घसरू नये म्हणूनच.

कागदी फिल्टरमध्ये हा कचरा अडवायला घड्या घातलेला कागद असतो, पण तो चहाच्या गाळणीसारखा काम करत नाही. त्यात ठरावीक मापाची भोकं नसतात, वेड्यावाकड्या धाग्यांचं जाड जंगल असतं. कण त्यातून वाट काढताना कुठेतरी धाग्याला अडकतो. एका फेरीत सगळे सापडत नाहीत. ऑइल पुन्हा पुन्हा फिरतं म्हणून हळूहळू सापडतात. गंमत म्हणजे वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, कारण अडकलेले कणच वाटा अरुंद करतात. फक्त ऑइलला पलीकडे जायला जोर जास्त लागतो.

आणि फिल्टरची खरी पारख इथेच होते. थंडीत पहाटे ऑइल दाट असतं. ते कागदातून पुरेसं जाऊ शकलं नाही तर बेअरिंग कोरडी पडेल. म्हणून एक स्प्रिंगची झडप असते, कधी फिल्टरमध्ये, कधी इंजिनात. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ती उघडते आणि ऑइल न गाळता सोडते. घाण ऑइल परवडलं, पण ऑइलच नाही हे परवडत नाही. ही मर्यादा किती, हे त्या इंजिनाच्या पंपावर ठरतं. फिरवून बसवायच्या डबाबंद फिल्टरांत २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे फार प्रचलित आहेत, कित्येक छोट्या कारच्या फिल्टरलाही तेच. त्यामुळे कारचा स्वस्त डबा बाइकवर चढतो आणि चढवणाऱ्याला वाटतं, पैसे वाचले. झडप वेगळ्या दाबाची असू शकते, रबरी रिंगचा व्यास वेगळा असू शकतो. शिवाय बंद इंजिनातून ऑइल मागे ओघळू न देणारी रबरी चकती असते. ती कडक झाली तर रोज पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काही क्षण दाबच येत नाही. माझ्या मते मॅन्युअलमध्ये दिलेला भाग क्रमांक सोडून दुसरं काही घेण्यासारखी बचत यात नाही.

काढण्याचा भाग मात्र घामाचा. डबा हातानेच आवळलेला असतो, तरी महिनोन्महिने उष्णता खाल्लेलं रबर दबून चपटं होतं आणि धातूला चिकटतं. इंजिन थोडं चालवून कोमट करावं, ऑइल खाली सोडावं, मग पट्ट्याचा पाना किंवा टोपीसारखा बसणारा पाना लावावा. डब्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. पातळ पत्रा फाटतो, आणि मग धरायलाही काही उरत नाही. डबा निघाला की जुनी रिंग त्याच्यासोबत आली का, हे बोट फिरवून बघायचंच. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर दाब येताच ऑइलची धार लागते, तीही मागच्या चाकाच्या दिशेने. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, ती टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हाताने. पान्याला हात लावू नये.

चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांत डबा नसतो. कव्हरखाली नुसतं कागदी एलिमेंट असतं. तिथले बोल्ट बारीक, बसतात ॲल्युमिनियममध्ये. अशा बोल्टला थोडाच जोर पुरतो. दांडगाई केली की आटे गेलेच. काही मॉडेलांत एलिमेंट उलटं बसवलं तर ऑइलची वाटच बंद होते, म्हणून काढतानाच तोंड कुठे होतं ते पाहून ठेवावं.

जुनं एलिमेंट टाकण्याआधी घड्या उलगडून उजेडात धराव्यात. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला थोडी चमचम दिसतेच. चुंबकाला चिकटतं ते पोलाद, न चिकटणारी पांढरट चमक बहुधा ॲल्युमिनियमची. पण जुन्या इंजिनात पितळी किंवा तांबूस कण दिसले तर ते बुश किंवा बेअरिंगचे असू शकतात. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टेम्पोत टाकून न्यावी.