सांगलीचे ऊन आणि कृष्णेचा पूर

सांगलीत शिकायला येणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्याला हवामानाविषयी पहिल्या काही आठवड्यांत जे ऐकवले जाते, त्यातील सर्वांत घातक समज असा की, हा पट्टा कोरड्या हवेचा आणि भरपूर उन्हाचा असल्यामुळे शहरावर ऊन असेपर्यंत पुराची काळजी करण्याचे कारण नाही. या समजाचा पूर्वार्ध खरा आहे. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना आपले बाष्प घाटमाथ्यावर रिते करतात आणि पूर्वेकडे उतरताना उबदार व कोरडे होत जातात. डोंगराच्या आडोशाला पडलेल्या या कमी पावसाच्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला, तरी सातारा शहरात तो हजाराच्या घरात येतो, सांगलीत सहाशेच्या आसपास राहतो आणि जत, आटपाडीकडे त्याहूनही घटतो.

उत्तरार्ध मात्र साफ चुकीचा आहे, आणि २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या शहरात तो आजही ठामपणे सांगितला जावा, ही संताप आणणारी गोष्ट आहे. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, कराडला तिला कोयना मिळते आणि सांगलीलगत हरिपूरला वारणा मिळते. या तिन्ही नद्यांचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावरचे पावसाचे पाणी वाहत येऊन त्यांना मिळते तो भाग, घाटमाथ्यावरच्या धुवाधार पावसाच्या पट्ट्यात सुरू होते. तेव्हा सांगलीच्या घाटावर पाणी किती चढेल, हे मुख्यतः महाबळेश्वर, कोयनानगर आणि चांदोलीच्या पावसावर ठरते. त्यात कोयनेचा शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी साठवणारा आहे, आणि तो भरत आल्यावर सोडलेल्या पाण्याला सांगलीपर्यंत पोहोचायला साधारण एक-दीड दिवस लागतो. या अवधीत शहरात लख्ख ऊन असू शकते आणि त्याच उन्हात पाणी पायरीपायरीने वर येत राहते.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी भारतीय हवामान विभागाची २०२१ ची नोंद पाहावी. त्या वर्षी २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगलीला जेवढा पाऊस वर्षभरात मिळतो, जवळजवळ तेवढा तिच्या नदीच्या उगमापाशी एका दिवसात कोसळला आणि पुढच्या दोन दिवसांत सांगलीची पाणीपातळी ५० फुटांपलीकडे गेली. ही पातळी १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. वालचंद आणि विलिंग्डन ही महाविद्यालये विश्रामबागेत, नदीपासून बऱ्याच अंतरावर आहेत. पण भाडे परवडते म्हणून गावभाग, सांगलीवाडी किंवा हरिपूर रस्त्याच्या बाजूला खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याने जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीबाहेरचे आकाश पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. त्याने कोयनेच्या विसर्गाचे, म्हणजे धरणातून दर सेकंदाला सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे, आकडे आणि आयर्विनची पातळी रोज पाहावी, आणि प्रशासनाने स्थलांतराची सूचना दिल्यावर ऊन पडले आहे म्हणून थांबू नये.

याखेरीज काही किरकोळ समज आहेत. सातारा जिल्हा म्हणजे सगळा महाबळेश्वरसारखा, हे दहिवडी किंवा म्हसवडला प्रवेश घेणाऱ्याने मनातून काढून टाकावे, कारण माण तालुका कायम दुष्काळी म्हणूनच ओळखला जातो. सूर्य डोक्यावर आला की उष्मा वाढतो, हेही अर्धेच खरे: या अक्षांशावर सूर्य मेच्या पूर्वार्धात माथ्यावर येतो, तसाच ऑगस्टच्या सुरुवातीलाही येतो, पण तेव्हा ढगांमुळे हवा सौम्य असते, आणि ढग हटल्यावर सत्र परीक्षांच्या सुमारास ऑक्टोबरचा उकाडा जाणवतो. उन्हाच्या मुलखात थंडी नसते, असे समजून पांघरूण घरी ठेवून येणारेही असतात. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो, तर दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो.

एप्रिल-मेमधील दुपारनंतरचा पाऊस म्हणजे लवकर आलेला मान्सून नव्हे. तो वळीव असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढून तयार होणाऱ्या ढगांतून तो तास-अर्धा तास कोसळतो, कधी गाराही पडतात, आणि त्याच्याबरोबर विजा हमखास असतात, म्हणून मैदानावर असलेल्या मुलांनी झाडाखाली उभे न राहता पक्क्या इमारतीत जावे. मान्सून या भागात साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो.